परदेशातील खात्याची माहिती भारतात येते तेव्हा

म्हसळा, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यातील कितीतरी घरे आखातातील पगारावर उभी राहिली आहेत. समान अहवाल मानक, म्हणजे सीआरएस, या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेनुसार भारताला २०१७ पासून परदेशी खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप मिळते. त्यात खातेदाराचे नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, वर्षअखेरची शिल्लक आणि व्याज असते. माहिती आली म्हणजे कर लागला किंवा गुन्हा झाला असे मुळीच नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी समजावून सांगावे.

खरी काळजी घ्यायची ती बँकेच्या स्वयंघोषणापत्रात, म्हणजे आपण कोणत्या देशाचे कर-निवासी आहोत हे खातेदाराने स्वतः लिहून देण्याच्या अर्जात. ‘कर निवासाचा देश’ या रकान्यात आपण प्रत्यक्षात ज्या देशाचे कर-निवासी आहोत, म्हणजे ज्या देशाचा कर कायदा आपल्याला तिथले निवासी मानतो, तोच देश लिहावा आणि सही केलेल्या पानाची प्रत मागून घ्यावी. दुबईच्या बँकेत गावचा पत्ता आणि भारतीय मोबाइल क्रमांक नोंदलेला असेल, तर तेवढ्यावरून बँक आपल्याला भारताचे निवासी मानण्याची शक्यता असते. अशा वेळी निवासाचा दाखला देऊन दुरुस्तीचा लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. कायमचे गावी परतल्यावर मात्र बदललेले निवासस्थान बँकेला आपणहून कळवावे.

परतल्यावर सामान्य निवासी, म्हणजे भारतातील वास्तव्याच्या दिवसांवरून कर कायद्यात पूर्ण निवासी, ठरलेल्या व्यक्तीने प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘एफए’ (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात परदेशी खाती दाखवणे बंधनकारक आहे. अनिवासी, तसेच निवासी असूनही सामान्य निवासी नसलेल्या व्यक्तीला ते लागू होत नाही. ही नोंद टाळल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे.

गोपनीयता हा आपला हक्कच आहे. एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर लागू नये म्हणून देशादेशांत झालेल्या बहुतेक दुहेरी कर करारांनुसार मिळालेली माहिती गुप्त ठेवावी लागते आणि ती कर आकारणी, वसुली, अपील यांच्याशी संबंधित अधिकारी व न्यायालये यांच्यापुरतीच वापरता येते. २०२० च्या करदाता सनदेतही प्राप्तिकर विभागाने गोपनीयतेची हमी दिली आहे. म्हणून ‘तुमच्या दुबईच्या खात्याची फाइल आमच्याकडे आहे’ असे सांगून पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्याला उत्तर देऊ नये. विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, असतो. प्राप्तिकर संकेतस्थळावर लॉगइन न करताही तो पडताळता येतो. नोटीस खरी ठरल्यास दिलेल्या मुदतीत याच संकेतस्थळावरील ‘ई-प्रोसीडिंग’ या ऑनलाइन उत्तराच्या सोयीतूनच उत्तर द्यावे आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या प्रती सोबत जोडाव्यात.