जेजुरीच्या बाजारातून गाढव आणताना

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. काठेवाडी जनावर उंच, अंगानं भरलेलं, म्हणून लोक आधी तिकडं वळतात. मी आधी ओठ उचलून दात बघतो. पुढचे दोन पक्के दात आले की दुवान, म्हणजे अडीच-तीन वर्षांचं. त्याच्यावर ओझं टाकायची घाई नको, चार वर्षं पुरी होऊ द्यात. मग मोकळं चालवून बघा. पाय आखडत असेल किंवा खुराचं टोक चढाव जोड्यासारखं वर वळलं असेल, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

आणि घ्यायची तर जोडीच घ्या. आमची पहिली गाढवी गेली, तेव्हा तिच्या जोडीदारानं काडी तोंडात घेतली नाही. आठवण काढतंय, निवळेल, असं म्हणत आम्ही दोन दिवस घालवले. गाढव उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि काळीज, म्हणजे यकृत, निकामी होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. आता एक वेळचा चारा राहिला तरी मी फोन करतो. गाढव दुखणं दाखवत नाही हो. घोड्यासारखं लोळत नाही, पाय झाडत नाही. कान पाडून कोपऱ्यात गप उभं राहतं. रोज सकाळी दावं सोडण्याआधी प्रत्येकासमोर जरा थांबत जा.

चाऱ्याला कडबा, गव्हाचं काड, वाळलं गवत पुरतं. लाडानं पेंड, शिळ्या भाकरी घालू नका. त्यानं खूर आतून सुजतात, पाऊल टाकवत नाही. पाणी मात्र स्वच्छच लागतं, घाण पाण्याला ते तोंड लावत नाही. पावसात त्याचे केस लगेच भिजून जातात, म्हणून कोरडं छप्पर हवंच. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर छाटून घ्या. जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

1965 च्या केंद्रीय नियमांत गाढवाला 50 किलोच ओझं सांगितलंय, आणि पारा 37 अंशांवर गेला की दुपारी 12 ते 3 काम बंद. वीटभट्टीवर हे कुणी पाळत नाही. मी पाळतो, खेपा वाढल्या तरी. पाठीवरची गादी करताना गोणपाटाच्या दोन जाड वळकट्या कण्याच्या दोन्ही अंगांना बसवा, मधे कणा मोकळा राहू द्या. संध्याकाळी गादी काढली की पाठीवरून हात फिरवा. जिथं कातडं थरथरेल, तिथं उद्या फोड येणार. दुसऱ्या दिवशी त्या जनावराला सुट्टी.