सांदण दरीत उतरण्याआधी: तयारीची यादी

सांदणला जायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न बुटांचा असतो. बूट महत्त्वाचे आहेतच, पण माझ्या यादीत ते बरेच खाली येतात. यादीच्या डोक्यावर मी एकच ओळ लिहिते: दोर ओढायचा की नाही. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून घळीत शिरल्यावर रॅपलिंगच्या, म्हणजे दोरानं उतरायच्या, पहिल्या कातळटप्प्यापर्यंत आल्या वाटेनं परत फिरता येतं. तिथून शेवटचा माणूस खाली आला आणि दोर ओढून घेतला की ती वाट संपली. मग पुढचे टप्पे उतरायचेच, कोकणात पोचायचंच, आणि तिथून एक तर खालच्या डेहणे गावाची वाट धरायची किंवा करोली घाटानं पुन्हा साम्रदला चढून यायचं. पाय मुरगळलेला असो, अंधार पडलेला असो, हे चुकत नाही. म्हणून बाकीची सगळी तयारी या एका ओळीच्या मागून येते.

तेव्हा आधी घरीच ठरवा की पूर्ण उतरायचं आहे, की टप्प्यापर्यंत जाऊन परतायचं. ज्यांनी कधी दोरावर पाय ठेवलेला नाही, ज्यांच्या सोबत लहान मुलं किंवा आईबाबा आहेत, त्यांनी परतायचं ठरवावं आणि त्यात कमीपणा मानू नये. घळीचा सगळ्यात अरुंद भाग, पाण्याचे दोन्ही डोह, वर दिसणारी आभाळाची चिंधी, हे सगळं त्या पट्ट्यातच आहे. ‘आशियातली अमुक क्रमांकाची खोल दरी’ असं सांगून कुणी भरीस पाडलं तर तो क्रमांक सोडून द्या. तयारीशी त्याचा काहीच संबंध नाही.

मग दिवस निवडायचा. साम्रदच्या पठारावरचं पाणी उताराउतारानं याच फटीत येतं. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांच्या भिंती आणि काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारी उभी राहतील एवढी जागा. वर कुठे पाऊस कोसळतोय हे आतून दिसत नाही आणि बाजूला सरकायला जागा नसते. जून ते ऑक्टोबर हे महिने मी पूर्ण खोडते. नोव्हेंबरात डोह बरेच भरलेले असतात. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस मला सगळ्यात योग्य वाटतात. मार्चमध्ये पाणी उतरतं, पण करोली घाटाची चढण उन्हात जीव काढते. हिवाळ्यातही अवकाळीचं लक्षण दिसलं, घाटमाथ्यावर गडगडायला लागलं, तर बेत रद्द. आदल्या संध्याकाळी भंडारदरा-इगतपुरीचा अंदाज बघा आणि सकाळी गावातल्या माणसाला विचारा. गावकरी ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

आपण कशावरून चालणार आहोत, याची ओळखही तयारीतच धरा. हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या बेसॉल्टच्या थरांचा. थरांना उभ्या भेगा पडल्या, भेगेत पाणी शिरत राहिलं, कातळ झिजत आणि तुटत गेला आणि ही घळ झाली. आपण ज्या धोंड्यांवरून उड्या मारत जातो ते याच भिंतींतून सुटून खाली आलेले आहेत. त्यामुळे हेल्मेट ही फक्त रॅपलिंगच्या वेळी सॅकमधून बाहेर काढण्याची वस्तू नाही. घळीच्या तोंडापाशीच डोक्यावर चढवा. प्रत्येक मोठा धोंडा आधी पायानं दाबून बघा, मगच त्यावर भार टाका. पाण्यानं घासून तुळतुळीत झालेला ओला कातळ तेल सांडल्यासारखा निसरडा असतो, तिथे बसून उतरायला लाजू नका. आणखी एक गोष्ट: वळणापलीकडे हाक मारली तर आवाज घुमतो, शब्द कळत नाही. पुढच्या आणि मागच्या माणसाकडे शिट्टी द्या आणि खुणा घरूनच ठरवून या. आमच्यात एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे या, तीन म्हणजे मदत. याहून जास्त खुणा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आता पाणी. पहिला डोह साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत, दुसरा छातीपर्यंत, कधी त्याहूनही खोल. महिन्यागणिक आणि पावसागणिक पातळी बदलते, म्हणून त्या दिवशीचा आकडा साम्रदमध्येच विचारा. घळीत ऊन क्वचितच पोचतं, त्यामुळे जानेवारीत हे पाणी हाडात शिरतं. सॅक डोक्यावर धरावी लागते, म्हणजे ती हलकी हवी, हे ओघानंच आलं. कपडे, टॉर्च, औषधं प्रत्येकी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. फोन पँटच्या खिशात ठेवून पाण्यात उतरलेले निदान तीन जण मी पाहिले आहेत. बूट भिजू नयेत म्हणून अनवाणी उतरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आमच्या गटातल्या एकानं तेच केलं, तळाच्या दगडानं टाच फाटली आणि उरलेला दिवस दोघांच्या खांद्यावर हात टाकून त्याला परत यावं लागलं. मोजे काढा, बूट पायातच ठेवा, पलीकडे गेल्यावर पाणी निथळून कोरडे मोजे चढवा. म्हणजे मोज्यांच्या दोन जोड्या जास्तीच्या. आणि हो, आता बूट: घोट्याला आधार देणारे, तळाला खोल नक्षी असलेले, आणि किमान दोन ट्रेक वापरून पायाला बसलेले. नवे कोरे बूट सांदणला नकोत.

पूर्ण उतरायचं असेल तर दोराच्या सामानाची यादी वेगळी करा. पहिला टप्पा साधारण चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, पुढे त्याहून लहान टप्पे आणि धोंड्यांची लांबलचक उतरण. हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), डिसेंडर (दोरावर वेग आवरणारं साधन), हेल्मेट प्रत्येकाचं स्वतंत्र. उतरायच्या दोराशिवाय सुरक्षेचा दुसरा दोर, ज्याला बिलेचा दोर म्हणतात, तो हवाच. ‘टप्पा छोटा आहे, बिलेची गरज नाही’ असं म्हणणाऱ्या म्होरक्याबरोबर मी जाणार नाही. कातळात आधी कुणी ठोकून ठेवलेला बोल्ट किंवा अडकवलेली जुनी पट्टी दिसली म्हणून त्यावर दोर बांधायचा नसतो. ती जाणत्या माणसानं तपासायची असते. संस्थेबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: किती जणांमागे किती प्रशिक्षक, प्रथमोपचार कुणाला येतो, विमा आहे का, २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का. चांगली माणसं या प्रश्नांनी चिडत नाहीत. आणि दोराची पहिली ओळख सांदणमध्ये नको. शहराजवळच्या एखाद्या सोप्या कातळावर किंवा भिंतीवर दोन-तीनदा उतरून या.

या सगळ्यात लोक एक गणित करत नाहीत. नवखा माणूस टप्प्याच्या कडेवर उभा राहून, धीर गोळा करून, खाली पोचेपर्यंत सहज सहा-सात मिनिटं घेतो. पंधरा जण म्हणजे एकाच टप्प्यावर दीड तासाच्या वर, आणि टप्पे एकाहून जास्त. म्हणून गट दहा-बाराचा असावा, आणि पहिला माणूस दोरावरून उतरायला लागण्याची वेळ आधी लिहून ठेवावी. माझी वेळ अकराची आहे. एका वर्षी डोहापाशी फोटो, मग खाणं, मग पुन्हा फोटो असं करत आम्ही पावणेदोनला टप्प्यावर पोचलो. दोर, सामान, जाणता म्होरक्या, सगळं तयार होतं. तरीही परत फिरलो. दोन मैत्रिणी वाटेत माझ्याशी बोलल्या नाहीत. साडेचारलाच घळीत असं अंधारून आलं की परतीचे धोंडेही टॉर्चच्या उजेडात ओलांडावे लागले, आणि ते तर ओळखीचे धोंडे होते. तेव्हापासून माझ्या यादीत हेडटॉर्च, तिचे जादा सेल आणि ही अकराची वेळ एकाच ओळीत असतात.

आग्या मोहोळांकडे दुर्लक्ष करू नका. या कड्यांवर ती असतात आणि घळीत पळायला जागा नसते. अत्तर, सेंट, सुगंधी तेल त्या दिवशी नको. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. धूर, शेकोटी, आरडाओरडा, ड्रोन काहीही नको. शिट्टीसुद्धा गरजेपुरतीच. प्रत्येकाच्या सॅकमध्ये वर काढता येईल अशी एक पातळ चादर ठेवा. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड झाकून घ्यायला तीच कामी येते. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारून औषध जवळ बाळगावं, आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे आणखी दोघांना दाखवून ठेवावं.

खाण्याची काळजी साम्रदमध्ये कमी असते. आदल्या दिवशी माणसं मोजून कळवलंत तर नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात असं गरम जेवण घरातून मिळतं. ऐन वेळी वीस जणांचं जेवण मागणं मात्र त्या घरातल्या बाईवर अन्याय आहे. दरीत खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, लिमलेटच्या गोळ्या पुरतात. प्यायचं पाणी माणशी तीन लिटर गावातूनच भरून घ्या, डोहाचं पिऊ नका. मीठ-साखरेच्या पुड्या न्या. कागद, बाटल्या, संत्र्याच्या सालीसुद्धा परत आणायच्या. ही दरी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या मुलखातली आहे आणि पावसात इथला कचरा थेट खालच्या ओढ्यांत जातो. वाटाड्या, जेवण, प्रवेशशुल्क यांसाठी रोख आणि सुटे पैसे ठेवा, कारण फोनला रेंज असेलच असं नाही. वाटाड्या गावातलाच घ्या. करोली घाटाच्या बाजूला झाडीत वाटा फुटतात, तिथे फोनमधल्या नकाशापेक्षा त्याचे पाय खात्रीचे.

प्रवासाचं थोडक्यात: मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरी, घोटी, भंडारदरा करत साम्रद, पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर. डेहण्याला उतरणार असाल तर तिथून आसनगाव स्टेशनपर्यंतची गाडी आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी तिथे वाहन मिळेल या भरवशावर राहू नका.

एक दिवस हाताशी असेल तर तो रतनगडाला द्या. साम्रदकडून त्र्यंबक दरवाजानं वर जाता येतं, रतनवाडीकडून गेलात तर अमृतेश्वराचं मंदिर वाटेतच लागतं. गडाच्या माथ्यावरचं नेढं म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक. तिथे वारा कधी कधी माणसाला ढकलेल इतका भरारतो, त्यामुळे टोपी आणि फोन दोन्ही बांधून ठेवा. एका कागदावर आसपासच्या डोंगरांचं साधं रेखाटन नेलंत तर अलंग, मदन, कुलंग, आजोबा आणि १६४६ मीटरचं कळसूबाई एकेक करून ओळखता येतात. मला या ओळखण्यात रॅपलिंगइतकाच आनंद मिळतो. घाटघरच्या कोकणकड्यावर गाडीनं जाता येतं आणि म्हणूनच तिथे लोक बेसावध असतात. हिवाळ्यात कडेवरचं वाळलं गवत आणि त्याखालचा मुरूम पायाखालून सरकतो. कडेपासून दोन-तीन पावलं मागेच थांबा, पुढे वाकून बघायचं तर पोटावर झोपून बघा, आणि फोनकडे बघत मागे सरकू नका.

शेवटचा कागद घरी ठेवायचा. त्यावर सगळ्यांची नावं, रक्तगट, कोणत्या वाटेनं जाणार आणि कुठे बाहेर पडणार, वाटाड्याचा आणि साम्रदमधल्या यजमानांचा नंबर. खाली ठळक अक्षरांत एक वेळ: इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर आधी गावात विचारा, मग ११२ला आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या मदतक्रमांकाला कळवा. तो क्रमांक निघण्याआधी शोधून त्याच कागदावर लिहा. माझा कागद आई देवघरातल्या फळीवर ठेवते, आणि डेहण्याला किंवा साम्रदला पोचून रेंज मिळाली की पहिला फोन तिलाच जातो.