विमानाच्या आवाजाची तक्रार कशी मांडावी

नवी मुंबई विमानतळामुळे पनवेल-उलवे परिसरातल्या ज्यांना जेट विमानांच्या आवाजाची तक्रार करायची आहे, त्यांनी आधी हे ध्यानात घ्यावे की विमानाला लागू असलेली मर्यादा वेगळी आणि आपल्या वस्तीला लागू असलेली वेगळी.

विमानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १६ मध्ये आहे. विमानाच्या प्रकाराला प्रमाणपत्र देताना आवाज तीन ठिकाणी मोजतात: उड्डाणाची धाव सुरू होते तिथून साडेसहा किलोमीटरवर, धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ४५० मीटर बाजूला, आणि उतरताना धावपट्टीच्या २,००० मीटर अलीकडे. वजन वाढेल तशी मर्यादा सैल होते. त्या परिशिष्टाच्या तिसऱ्या प्रकरणानुसार उतरतानाची मर्यादा ३५ टनांपर्यंत ९८, तर २८० टनांपासून पुढे १०५ ईपीएनडीबी (विमानाचा आवाज माणसाला किती त्रासदायक वाटतो ते मोजणारे एकक) आहे. २००६ पासूनच्या विमानांच्या नव्या रचनांना तिन्ही ठिकाणांचा मिळून त्याहून १० ईपीएनडीबीने, आणि २०१७ अखेरपासून ५५ टन व त्यावरील नव्या रचनांना आणखी ७ ने कमी आवाज बंधनकारक झाला. या एककात आवाजाचा कर्कशपणा आणि कालावधीही धरला जात असल्याने साध्या ध्वनिमापकाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहू नये.

वस्तीसाठी केंद्राची २०१८ ची अधिसूचना पाहावी. वर्षाला ५०,००० हून अधिक उड्डाणे-अवतरणे असलेल्या विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात (त्याच्या आवाजासाठी ठरवलेल्या परिसरात) दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल (ए), म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येते त्या प्रमाणात मोजलेले डेसिबल, इतर विमानतळांसाठी ६५ आणि ६० अशी मर्यादा आहे; रात्र म्हणजे दहा ते सहा. ही सरासरी असल्यामुळे एका विमानाचा ८५ चा आकडा उल्लंघन सिद्ध करत नाही. माझ्या मते हा नियमाचा मोठा दोष आहे, कारण मध्यरात्री तान्हे मूल दचकून उठते ते सरासरीने नव्हे. म्हणूनच सरासरीसोबत प्रत्येक विमानाची वेळ, दिशा आणि फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा विमानाचा प्रकार वहीत लिहावा.

मोजणी प्रमाणित यंत्राने करावी, मोबाइलवर विसंबू नये. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींचा आणि वाऱ्याचा आवाज आकड्यात मिसळतो, म्हणून पाऊस संपल्यावर मोजावे. विमाने वाऱ्याच्या विरुद्ध उडतात आणि उतरतात. इथली धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने खारा, म्हणजे पश्चिमेच्या समुद्राकडून येणारा वारा सुटला की विमाने साधारणपणे पूर्वेकडून येऊन उतरतात, म्हणून वाऱ्याची दिशाही नोंदवावी.

अर्ज विमानतळ चालकाकडे द्यावा, प्रती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवाव्यात, आणि आपल्या वस्तीत अधिकृत मोजणी व रात्रीच्या उड्डाणमार्गांचा फेरविचार, या दोनच मागण्या स्पष्ट शब्दांत कराव्यात.