आडवी बाटली: मतदान जिंकायचं तर मतदार यादीपासून सुरुवात करा

गावातलं परवानाधारक दारूचं दुकान गावाला मतदानानं बंद करता येतं. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानं हा अधिकार गावांना आणि शहरातल्या वॉर्डांना मिळाला. एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी लेखी मागणी केली आणि सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. मागणी महिलांनी केलेली असेल, तर मतदानही महिलाच करतात.

खरी मेख पुढच्या अटीत आहे. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण मतदारांपैकी (महिलांचंच मतदान असेल तर एकूण महिला मतदारांपैकी) निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. किती जणी मतदानाला आल्या, याला इथं महत्त्व नाही. जी आलीच नाही, तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पथ्यावर पडते.

सातारा-सांगलीत ही अट फार जड जाते. पाटण, जावळीतल्या गावांची कितीतरी घरं मुंबईत. माथाडी कामाच्या निमित्तानं गेलेली माणसं तिकडंच स्थिरावली. खानापूर-आटपाडीची गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरली आहेत. या सगळ्यांची नावं मात्र गावच्या यादीत तशीच राहतात. वारलेल्या बायकांचीही राहतात.

हिशेब मांडून बघा. समजा यादीत 1,200 महिला आहेत. मागणीला 300 सह्या लागतील आणि जिंकायला किमान 601 मतं. त्यातल्या 250 जणी बाहेरगावी किंवा मयत असतील, तर गावात हजर असलेल्या 950 पैकी 601 जणी आपल्या बाजूनं हव्यात. म्हणजे शंभरातल्या त्रेसष्टहून जास्त. मोर्चाला तीनशे बायका आल्या म्हणून मतदान जिंकलं असं मानणाऱ्या गावांचा घात इथंच होतो.

म्हणून पहिलं काम यादीचं. मतदार यादीची प्रत तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेतून घ्या आणि या मतदानाला कोणती यादी धरणार, हे लेखी विचारून ठेवा. मग गल्लीवार दोघी-दोघींच्या जोड्या करा. प्रत्येक नावापुढं खूण करायची: गावात आहे, बाहेर आहे पण बोलावल्यावर येते, कायमची गेली, मयत. मयत आणि कायम स्थलांतरितांची नावं वगळायला फॉर्म 7 असतो. अठरा पूर्ण झालेली आणि पहिल्यांदाच नाव नोंदवणारी मुलगी किंवा सून हिच्यासाठी फॉर्म 6. माहेरच्या यादीत नाव असलेल्या नव्या सुनेला, पत्ता बदलायला किंवा नावातली चूक दुरुस्त करायला फॉर्म 8. हे फॉर्म बीएलओकडं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं द्या. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या तारखेला वय अठरा पूर्ण हवं) आहेत, त्यामुळं वर्षभर थांबायची गरज नाही. विरोधात मत देईल असं वाटतं म्हणून कुणाचंही नाव वगळायला जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि ज्या लोकशाही हक्काच्या जोरावर तुम्ही उभ्या आहात त्याच हक्काचा तो गळा घोटणं आहे.

याच काळात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून गावाच्या हद्दीतल्या परवान्यांची यादी मागवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत 30 दिवस. देशी दारूचं दुकान (सीएल-3), बिअर शॉपी आणि परमिट रूम (एफएल-3) यांचे परवाने वेगवेगळे असतात. देशीच्या दुकानावरच लक्ष ठेवून अर्ज केला आणि परमिट रूम अर्जात आलीच नाही, असं होऊ देऊ नका. विनापरवाना हातभट्टीचा या मतदानाशी संबंध नाही. तिच्यावर पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्यानं कारवाई करायची असते.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. दारूबंदीचा विषय तिथं मांडा, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि नक्कल मागा. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो. नुसत्या पाठिंब्याच्या ठरावानं मतदानाचं काम होत नाही, पण सरपंचांना आणि सदस्यांना गावासमोर बाजू घ्यावी लागते. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असेल तर ती उरकेपर्यंत थांबलेलं बरं. नाहीतर दुकान बाजूला राहतं आणि विषय एका पॅनलचा होतो.

आता सह्यांचा कागद. मागणी पडताळणीत फसू शकते, आणि फसण्याचं कारण हा कागदच असू शकतो. रकाने असे आखा: यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, यादीत छापलंय तसंच नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, सही किंवा अंगठा, तारीख. यादीत माहेरचं नाव असेल तर माहेरचंच लिहायचं. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदार बाईचं नाव आणि सही घ्या. प्रत्येक पानावर वर मागणीचा पूर्ण मजकूर हवा. कोऱ्या पानावरच्या सह्या नंतर अर्जाला जोडल्या, की ‘आम्हाला कशासाठी सही घेतली ते माहीत नव्हतं’ असं म्हणायला वाव मिळतो. घरातल्या चौघींच्या सह्या एकीनं किंवा नवऱ्यानं केल्या तर चारही बाद धरा. 300 लागत असतील तर 400 गोळा करा.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं, प्रत राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना. पोहोच घेताना शिक्का आणि आवक क्रमांक बघून घ्या. सगळ्या पानांच्या झेरॉक्स दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

पडताळणीला अधिकारी गावात येतात आणि सही केलेल्या बाईला समोर बोलावतात. तो दिवस भांगलणीचा किंवा ऊस लागणीचा निघाला तर निम्म्या जणी रानात असतात. तारीख कळल्याबरोबर टोळीच्या मुकादम बाईशी बोला आणि त्या दिवशीची मजुरी बुडू नये म्हणून सकाळी लवकरची वेळ मागून घ्या. दबाव येतो तोही आदल्या रात्री. उधारीची आठवण करून दिली जाते, भावकीतून निरोप येतो. अशा वेळी एकटी बाई गळते. गल्लीतल्या दहा जणी मिळून निघाल्या तर सहसा कुणी अडवत नाही.

हे बळ अर्ज लिहून तयार होत नाही. नवऱ्याच्या पिण्याचा त्रास बहुतेक गावांत वर्षानुवर्षांचा आहे, तरी चळवळ मोजक्याच गावांत उभी राहते. जिथं बचत गट नियमित बसतात, तिथं ‘माझ्या घरातलं’ दुखणं ‘आपल्या गावातलं’ होतं. महिन्याच्या हप्त्याला जमलेल्या बायका आधीपासून एकमेकींवर विसंबायला शिकलेल्या असतात. 1943 ते 1946 या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार याच भागात चाललं, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्यातच होता. त्यांनी गावोगावी न्यायदान मंडळं चालवली, दारूबंदीही केली. ते जमलं ते गावातल्या गटांच्या जोरावर. तेव्हा आपल्या गावात बचत गट विस्कळीत असतील, तर अर्ज लांबवा आणि आधी सहा महिने गट नीट बसवा.

मतदानाची तारीख प्रशासन ठरवतं, पण मागणी करता येते. मुंबईकर मंडळी यात्रेला गावी येतात. यात्रेला लागून येणारा रविवार मागा. ऐन यात्रेचा दिवस नको, बंदोबस्त तिकडं असतो. उसाचा हंगाम चालू असताना, गावच्या बायका तोडीला बाहेर असतील तर मतदान नकोच. आदल्या आठवड्यात घरोघरी मतपत्रिकेचा नमुना दाखवा. ‘आडवी म्हणजे बंद’ हे म्हातारीलाही पाठ झालं पाहिजे, कारण बाटलीच नको म्हणून दोन्ही चिन्हांवर शिक्का मारून मत बाद करणाऱ्या निघतात. मोजणीला आपले प्रतिनिधी बसू द्यावेत, असा अर्ज आधीच द्या.

जिंकल्यावर गाफील राहू नका. परवाना बंद झाला की ढाब्यावर, पानटपरीवर चोरून विक्री सुरू होते. गल्लीवार जोड्या मोडू नका. एका वहीत तारीख, वेळ, जागा लिहून दर आठवड्याला पोलीस ठाण्यात आणि उत्पादन शुल्क कार्यालयात लेखी तक्रार द्या, तोंडी नको. आणि त्याच मालकानं शेजारच्या गावाच्या हद्दीत, आपल्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर नवी जागा बघितली असेल, तर त्या गावच्या महिला सभेला तुमची यादी, तुमचे कागदाचे नमुने आणि तुमच्यातल्या दोघी पाठवा.