ईएन-१९ ला एमएस जोडताना: आधी भट्टी ठरवा, मग रॉड

बेळगावात उद्यमबागेत किंवा मच्छेला जॉबवर्कच्या शेडमध्ये लागलात की लवकरच असा जॉब समोर येतो: ईएन-१९ चा, म्हणजे क्रोम-मॉली मिश्र पोलादाचा शाफ्ट आणि त्यावर आयएस २०६२ प्लेटची, म्हणजे एमएसची (साध्या माइल्ड स्टीलची) फ्लँज. ड्रॉइंगवर वेल्डची खूण आणि माप असतं. रॉड कुठला, आधी किती तापवायचं, नंतर भट्टी लावायची (सांधा पुन्हा तापवून ताण काढायचा) की नाही, याचा पत्ता नसतो. नवा माणूस रॉडच्या पाकिटापासून सुरुवात करतो. खरं तर वेल्डनंतरची उष्णता दोघांपैकी कुणाला हवी आणि कुणाला सोसणार नाही, हे आधी बघावं. रॉड त्यानंतर.

कागदावर कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डजवळ पोलाद किती कडक होऊन तडकेल याचा आकडा, काढा: कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉली-व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल-तांब्याची बेरीज भागिले १५. ०.४० कार्बन, ०.७ मँगनीज, १ क्रोमियम, ०.२५ मॉली असलेल्या ईएन-१९ चा आकडा ०.७७ च्या आसपास येतो. आयएस २०६२ ई-२५० ला कमाल मर्यादाच ०.४२ आहे. म्हणजे प्रीहीट (वेल्डआधीचं तापवणं) ईएन-१९ च्या हिशेबाने, २५० ते ३०० अंश. ज्योत बाजूला घ्या, मिनिटभर थांबा आणि सांध्यापासून ७५ मिमीवर थर्मल खडू (ठरल्या तापमानाला वितळणारा) लावा. जवळ हात नेऊन ‘बिसी आहे की’ (कानडीत बिसी म्हणजे गरम) म्हणणारे शेडमध्ये भेटतीलच. ८० अंशही बिसी आणि २८० अंशही बिसीच.

रॉड ई-७०१८. सांध्याला एमएसपेक्षा जास्त ताकद देऊन उपयोग नाही, तुटलं तर प्लेटच तुटणार; जास्त ताकदीचा रॉड फक्त तडा जायचं भय वाढवतो. ३.१५ मिमीला १०० ते १३० अँपिअर. रॉड ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून गरम क्विव्हरमध्येच (रॉड ठेवायच्या तापत्या डब्यात) ठेवायचे. खानापूरच्या अंगाने पाऊस लागला की उघड्या पाकिटातले रॉड दमट व्हायला वेळ लागत नाही. त्या दमटपणातला हायड्रोजन ईएन-१९ च्या वेल्डलगतच्या कडक पट्ट्यात शिरतो आणि तडा लगेच न दिसता एक-दोन दिवसांनी, मण्याच्या कडेला जातो. म्हणून डीपी टेस्ट (रंगद्रव लावून पृष्ठभागावरचा तडा शोधणं) ४८ तासांनी. संध्याकाळी टेस्ट करून पोचवलेला जॉब तिसऱ्या दिवशी परत येतो, त्याचं कारण बहुधा हेच. शेवटचा पास संपला की जॉब थंड होऊ देऊ नका. २५० ते ३०० अंशांवर दोन तास धरा, मग सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळा.

आता भट्टी. शाफ्ट हार्डन-टेंपर (कडक करून मग पुन्हा तापवून चिवट) करून आलेला असतो, त्यामुळे मटेरियल सर्टिफिकेटवर टेंपरिंगचं तापमान शोधा. ते ६२० असेल तर तुमची भट्टी ५९० च्या वर जाता कामा नये. निदान ३० अंशांचं अंतर ठेवा, दर २५ मिमी जाडीला एक तास धरा. पुस्तकात ६५० दिसलं म्हणून ६५० लावलंत तर सांधा छान होईल, शाफ्ट मात्र मऊ पडेल. बेअरिंग सीटचं फायनल मशिनिंग भट्टीनंतरच; तोवर दोन-तीन मिमी माल राखून ठेवा, वाकतोही आणि खपलीही धरतो.

‘३१२ चा रॉड मारा, भट्टीची कटकट नको’ असं कुणी सांगेल; ३१२ म्हणजे जास्त क्रोमियमचा स्टेनलेस रॉड. दुरुस्तीच्या कामात ते चालतं. पण ३१२ मारून वर भट्टी लावू नका. त्यातलं फेराइट त्या तापमानात सिग्मा फेज या ठिसूळ रचनेत बदलतं आणि वेल्ड ठिसूळ होतो.

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांची कामं निघतात. एसएस (स्टेनलेस) ३०४ ला एमएस जोडायचं तर ३०९एल रॉड. ३०८ रॉडमध्ये एमएस मिसळून कडक, तडकणारा थर तयार होतो. हा सांधाही भट्टीत नको. एमएसमधला कार्बन वेल्डकडे सरकतो, एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला कडक पट्टा राहतो, शिवाय ३०४ सेन्सिटाइज होतं, म्हणजे त्याची गंज रोखायची ताकद घटते. जाडीमुळे एमएसला भट्टी लागणारच असेल, तर त्याच्या कडेवर आधी ३०९एल चा थर चढवा, भट्टी उरका आणि मग एसएस ३०८एल ने जोडा.

को-जनरेशन (वाफेवर वीजही करणाऱ्या) बॉयलरच्या स्टीम लाइनवर पी-९१, म्हणजे ९ टक्के क्रोमियमचं पोलाद, भेटतं. तिथे आयबीआरचा (भारतीय बॉयलर नियमांचा) प्रमाणित वेल्डर आणि मंजूर डब्ल्यूपीएस (वेल्डची लेखी पद्धत) नसेल तर होल्डरला हात लावू नका. पी-९१ ला ७३० ते ७६० अंश लागतात, साधं कार्बन स्टील ७२५ च्या पुढे रचना बदलू लागतं. दोघांचं एका भट्टीत जमत नाही. म्हणून पी-९१ च्या कडेवर बी-३ (सव्वादोन टक्के क्रोमियमच्या) फिलरचा सात-आठ मिमी थर देऊन ती कड आधी स्वतंत्र भट्टीतून काढतात, नंतर कार्बन स्टील ७०१८ ने जोडून ६२० ते ६५० ला दुसरी भट्टी. पी-९१ वरच्या त्या पहिल्या भट्टीआधी जॉब १०० अंशांखाली उतरायलाच हवा. घाईने गरमच भट्टीत घातला तर आत उरलेलं ऑस्टेनाइट (गरम अवस्थेतली रचना) भट्टीनंतर कच्चं मार्टेन्साइट (कडक, ठिसूळ रचना) होऊन बसतं आणि हार्डनेस टेस्टरवर आकडा उड्या मारतो.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सांध्यावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. जाड बाजू मागे राहते, म्हणून वेळ मोजायचा तो सगळ्यात थंड थर्मोकपलवरून. धरण्याच्या मधेच करंट गेला तर भट्टीचं दार उघडू नका. चार्टवर तापमान खालच्या मर्यादेखाली गेलेली मिनिटं वजा करा आणि करंट आल्यावर तेवढी जास्त धरा.