बाहेरच्या दिव्याचा स्विच घरात: नवा पॉइंट सुरक्षितपणे कसा काढावा

पडवीत, मागच्या दारी किंवा जिन्याखाली दिवा लावायचा आणि त्याचा स्विच घरात ठेवायचा, हे काम तीन तारांचे. पण खोलीतल्या पॉइंटमध्ये जी हयगय लक्षातही येत नाही, ती बाहेर पहिल्या पावसात शॉक होऊन समोर येते. म्हणून इथे प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: पाणी कुठून शिरेल आणि शिरले तर वीज कुठे जाईल?

आधी कायद्याचे. बल्ब, फ्यूज किंवा बिघडलेला स्विच बदलणे चालते. नवा पॉइंट काढणे मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराचे काम आहे. तेव्हा जागा ठरवणे, सामान आणणे, भोक पाडणे आणि पाइप बसवणे तुम्ही करा; तारांची जोडणी आणि चाचणी अशा ठेकेदाराच्या वायरमनकडून करून घ्या. जोडणीचा भाग खाली सविस्तर दिला आहे, तो त्याच्या कामावर नीट लक्ष ठेवता यावे म्हणून.

सामान

दिव्यावरचा आयपी आकडा तो धूळ आणि पाणी किती अडवतो ते सांगतो. छपराखाली दिवा असेल तर आयपी ४४ चालतो. थेट पावसात असेल तर आयपी ६५ च घ्या: त्यातला ६ धुळीसाठी, ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. दारापुढे १० ते १२ वॅटचा एलईडी बल्कहेड (भिंतीला बसणारा बंदिस्त दिवा) पुरतो.

तार १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आयएसआय खुणेची: लाल फेजला (जिवंत तार), काळी न्यूट्रलला (परतीची तार), हिरवी अर्थिंगला. बोर्डापासून दिव्यापर्यंतचा मार्ग ८ मीटर असेल तर तीन तारांचे २४ मीटर होतात. दोन्ही टोकांना हातभर शिल्लक धरून २७ मीटर आणा. तार तोकडी पडली की मध्ये जोड येतो, आणि पाइपात लपलेला टेपचा जोड म्हणजे पुढच्या बिघाडाची सुरुवात. याशिवाय २० मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप, बेंड, सॅडल (पाइप भिंतीला धरणारी पट्टी), एक वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स, केबल ग्लँड (तार बॉक्समध्ये शिरते तिथे पाणी अडवणारी घट्ट टोपी), स्क्रूचे कनेक्टर, सिलिकॉन सीलंट आणि ६ अँपिअरचा स्विच लागेल.

लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा धरतात. त्यात नवा दिवा बसतो का, ते पाहा. त्या सर्किटला ६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) आणि त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. एमसीबी तार वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतो. आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा, बाहेरचा दिवा त्यानंतर.

भोक आणि पाइप

बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत जुन्या तारा असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथे ड्रिल चालवू नका. भोक आतून बाहेर उतरते पाडा. ९ इंची भिंतीत एक सेंटिमीटर उतार पुरतो. उतार उलटा झाला तर भिंतीवरून ओघळणारे पाणी पाइपाच्या कडेने थेट बोर्डात येते. पाइप बसला की भोवतालची फट सिलिकॉनने भरा. सॅडल जास्तीत जास्त ६० सेंटिमीटरवर ठोका. जंक्शन बॉक्समध्ये पाइप खालून किंवा बाजूने न्या, वरून कधीच नको.

वीज बंद करताना

एमसीबी खाली पाडला म्हणजे काम झाले असे नाही. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, म्हणून मेन स्विचही बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा; मेन बंद असतानाही बोर्डात २३० व्होल्ट तोच देत राहतो, आणि नेमका तोच विसरला जातो. बंद केलेल्या स्विचवर टेप चिकटवून ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावा.

मग टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासा, नंतर कामाच्या जागी, आणि शेवटी पुन्हा चालू पॉइंटवर. चालू पॉइंट वेगळ्या घरातला किंवा जिन्यातला चालेल. निऑन टेस्टरवर एकट्यावर भिस्त ठेवू नका, मल्टिमीटर वापरा.

जोडणी

फेज स्विचमधूनच तुटला पाहिजे. बोर्डातला फेज नव्या स्विचच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकापासून लाल तार दिव्याला. काळी तार त्याच सर्किटच्या न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला. तार ८ ते १० मिलिमीटर सोला, एकही तंतू कापू देऊ नका, स्क्रू कसून झाल्यावर प्रत्येक तार ओढून पाहा.

धातूच्या दिव्याची बॉडी अर्थला जोडलीच पाहिजे. दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थ लागत नाही, तरी हिरवी तार बॉक्सपर्यंत आणून कनेक्टरमध्ये ठेवा. पुढे कोणी धातूचा दिवा लावेल. न्यूट्रलवरून अर्थ घेण्याची पळवाट कुणी सुचवली तर थांबवा. न्यूट्रल वाटेत कुठे तुटला तर दिव्याची बॉडीच जिवंत होते.

दिव्यात शिरण्याआधी तारेला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकते. रबरी गॅस्केट दुमडलेले नाही ना, ते पाहा. दिवा आणि भिंत यांच्यात सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजू बुजवल्या तर आत जमलेल्या ओलाव्याला वाट उरत नाही.

चाचणी

वीज सोडण्याआधी वायरमनने एलईडी सोडवून मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) इन्सुलेशन तपासावे. ५०० व्होल्टला एक मेगओहमपेक्षा कमी आकडा आला तर तार कुठेतरी सोलली आहे किंवा ओल शिरली आहे. वीज आल्यावर आरसीसीबीचे ‘टी’ (टेस्ट) बटण दाबा, तो लगेच पडायला हवा. मग स्विच बंद ठेवून वायरमनने दिव्याच्या टोकांवर मोजावे: दोन्हींपैकी कुठेही फेज नको. असेल तर न्यूट्रल स्विचमधून घेतला आहे आणि स्विच बंद असतानाही दिवा उघडणाऱ्याला झटका बसेल.

बंद केलेला एलईडी मंद मिणमिणत राहिला तर हीच चूक आधी शोधा. फेज बरोबर असेल तर स्विचमधला इंडिकेटर तपासा. ऊन असतानाही दिवा लावताक्षणी आरसीसीबी पडतो, तेव्हा बहुधा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा घेतलेला असतो. फक्त पावसातच पडतो, तेव्हा बॉक्स किंवा दिव्यात पाणी आहे. वीज बंद करून उघडा, कोरडे करा, गॅस्केट बदला. आरसीसीबी वगळून दिवा चालू करून घेऊ नका.

पत्र्याच्या छपराखालून तार न्यायची असेल तर पाइपाशिवाय अजिबात नेऊ नका. वाऱ्याने हलणारी पत्र्याची धार इन्सुलेशन कापते, मग सगळा पत्रा आणि त्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तार जिवंत होते. मे संपण्याआधी दरवर्षी वीज बंद करून बॉक्स उघडा, मुंग्यांची माती काढा, स्क्रू पुन्हा कसा आणि वीज सोडल्यावर ‘टी’ बटण दाबून पाहा.