ग्रिडवर सर्व्हिस चढवताना या चुका टाळा

‘डिप्लॉय झालं, पण चालत नाही’ असा निरोप आला की मी आधी लॉग मागत नाही. विचारतो, त्या नोडवर (ग्रिड म्हणजे जाळ्यात जोडलेले अनेक संगणक, नोड म्हणजे त्यातला एक) किती वाजलेत?

हसू नका. ग्लोबस टूलकिट या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एका ग्रिडवर आम्ही नवी सर्व्हिस चढवली. तीन नोड सोडले तर सगळं सुरळीत. त्या तिघांवर कंटेनर (सर्व्हिस ज्यात चालतात तो प्रोग्राम) चालू, फाइल जागच्या जागी, पण कॉल केला की प्रमाणपत्र नामंजूर. आम्ही सर्व्हिस काढून पुन्हा चढवायचो, नवं प्रॉक्सी प्रमाणपत्र (आपल्या वतीनं ओळख पटवणारं, थोड्या मुदतीचं) बनवायचो, पुन्हा नकार. पंधराएक मिनिटांनी मात्र तेच आपोआप चालायचं आणि आम्ही श्रेय री-इन्स्टॉलला द्यायचो! दीड दिवस असा गेला. शेवटी कुणीतरी सहज ‘डेट’ कमांड मारली. तिन्ही घड्याळं २० मिनिटं मागे, घड्याळ जुळवणारं एनटीपी बंद. ग्लोबसचं प्रॉक्सी ५ मिनिटं मागच्या तारखेनं बनतं, तेवढा फरक खपतो. उरलेली १५ मिनिटं त्या नोडच्या लेखी आमचं प्रमाणपत्र जन्मलेलंच नव्हतं. लॉगमध्ये ‘अजून वैध नाही’ असं स्पष्ट होतं. आम्ही फक्त ‘वैध नाही’ एवढंच वाचलं होतं.

दुसरी चूक उतावळ्यांची: नवी आवृत्ती आली की कंटेनर रीस्टार्ट. त्याच कंटेनरमध्ये दुसऱ्यांच्याही सर्व्हिस असतात, त्यांची कामं अर्ध्यावर तुटतात. ग्लोबस ४.० मध्ये गार फाइल (सर्व्हिसचं गाठोडं) चढवायला कंटेनर थांबवावाच लागे, तेव्हा निदान आदल्या दिवशी सगळ्यांना कळवायची शिस्त होती. हॉट डिप्लॉय, म्हणजे कंटेनर न थांबवता चढवणं, आलं आणि तीही गेली. शिवाय हॉट डिप्लॉयमध्ये जुन्या क्लासचा (कोडचा) एखादा थ्रेड, म्हणजे चालू काम, जिवंत राहिला की क्लासलोडर (तो कोड मेमरीत आणणारा भाग) सुटत नाही. दहा-बारा वेळा चढव-उतर केली की मेमरी भरते. मी नवी आवृत्ती वेगळ्या नावानं शेजारी चढवतो, नवे कॉल तिकडे वळवतो आणि जुनीची कामं संपेपर्यंत तिला हात लावत नाही. वेळ जातो, जाऊ दे.

बाकीच्या किरकोळ. प्रॉक्सीची मुदत मुळात १२ तासांची. रात्रभराचं काम टाकण्याआधी शिल्लक बघा. ग्रिडएफटीपीसाठी (ग्रिडवर फाइल पाठवण्यासाठी) फायरवॉलमध्ये २८११ हा पोर्ट उघडला म्हणजे झालं असं नाही, डेटा चॅनेलचे पोर्ट वेगळे असतात. कॉन्फिगमध्ये स्वतःच्या होम डिरेक्टरीचा पाथ लिहिणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.